एका रात्रीच्या मुक्कामाचा हक्क

जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर सातबाराच्या उताऱ्यावर मिळते अशी आपली समजूत आहे. वकिलीच्या व्यवसायात वीस वर्षे घालविलेल्या माणसाने या समजुतीस धक्का द्यावा हे कदाचित शोभणार नाही. परंतु खाजगी जमिनीपुरते जे उत्तर पुरेसे असते ते सार्वजनिक जमिनीच्या बाबतीत अगदीच अपुरे पडते. तेथे उताऱ्यावर ‘सरकार’ असे लिहिलेले असते, आणि लोकशाहीत सरकार म्हणजे लोकच, असे आपण शाळेत शिकलेलो असतो. मग या मालकीचा अनुभव लोकांनी घ्यावयाचा कोठे? माझ्या मते त्याची कसोटी फार साधी आहे. कोणाची चिठ्ठी न आणता, कोणापुढे हात न जोडता, सामान्य माणसाला त्या जमिनीवर एक रात्र पाठ टेकता येते काय? येत असेल तर ती जमीन लोकांची. येत नसेल तर ती राखीव असेल, संरक्षित असेल, नकाशावर हिरव्या रंगाने रंगविलेली असेल. लोकांची मात्र नव्हे.

ही कसोटी मनात येण्यास निमित्त झाले ते अमेरिकेतील एका प्रघाताचे. आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना आज त्या देशात आहेत. तिकडे जाऊन आलेली वडीलधारी मंडळी मोठ्या धबधब्यांची, उंच इमारतींची आणि काचेसारख्या रस्त्यांची वर्णने करतात. परंतु त्या देशात सार्वजनिक जमिनीच्या फार मोठ्या भागावर कोणीही माणूस, परवाना न काढता आणि पैसे न भरता, आपल्या पसंतीच्या जागी तंबू ठोकून राहू शकतो, ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतो. तिकडील सरकारी परिभाषेत यास ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात. आखून दिलेल्या तळावर दाटीने न राहता रानात विखरून केलेला मुक्काम, असा त्याचा अर्थ. आपण त्यास ‘मोकळा मुक्काम’ म्हणू. तेथे नळ नाही, शौचकूप नाही, दिवा नाही, पहारेकरी नाही. आकाश आणि जमीन एवढीच सरकारची देणगी. बाकी सर्व मुक्कामकर्त्याने आपल्याबरोबर आणावयाचे आणि जाताना परत न्यावयाचे.

ही हकीकत ऐकली की आपल्याकडील सुशिक्षित माणूस ठरलेले वाक्य उच्चारतो : “तेथे चालते हो; आपल्या लोकांना असे स्वातंत्र्य दिले तर चार दिवसांत रानाचा उकिरडा होईल.” या वाक्याशीच माझे भांडण आहे. ते नम्रतेचे वाटते. वस्तुतः त्यात स्वतःस वगळून इतर सर्वांविषयी बाळगलेली तुच्छता आहे. शिवाय ते इतिहासास धरून नाही. परंतु त्याचा समाचार घेण्यापूर्वी मूळ गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण अर्धवट माहितीवर केलेली स्तुती आणि निंदा दोन्ही सारख्याच निरुपयोगी असतात.

अमेरिकेच्या संघ सरकारच्या ताब्यातील जमिनीपैकी सुमारे २४ कोटी ५० लाख एकर ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या खात्याकडे, आणि सुमारे १९ कोटी ३० लाख एकर राष्ट्रीय वने सांभाळणाऱ्या ‘फॉरेस्ट सर्व्हिस’कडे आहे. दोहोंची बेरीज महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या पावणेसहा पट भरते. ही जमीन प्रारंभी राखून ठेवण्यासाठी नव्हतीच; वाटून टाकण्यासाठी होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्यास १६० एकर देण्याचे धोरण आखले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दुतर्फा जमिनी बहाल केल्या. १८९१ पासून वने राखण्यास आरंभ झाला आणि १९३४ च्या टेलर कायद्याने उरलेल्या कुरणांवर नियंत्रण आले. अखेर १९७६ मध्ये तेथील काँग्रेसने कायदा करून तत्त्व घोषित केले की, एखादा तुकडा विकणे राष्ट्रहिताचे आहे असे ठरल्याखेरीज ही जमीन यापुढे संघ सरकारच्याच मालकीत राहील, आणि तिच्या उपयोगांत चराई, खनिजे व लाकूड यांबरोबर लोकांच्या विहारासही स्थान राहील.

कायद्याच्या विद्यार्थ्याने येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. या दोन्ही खात्यांच्या जमिनीवर गृहीतक असे की, मनाई केली नसेल तेथे मुक्काम करता येतो. मनाईचा हुकूम काढण्याचा अधिकार अधिकाऱ्यास आहे, पण तो काढण्याचे कारण शोधणे हे अधिकाऱ्याचे काम. परवानगीचे कारण शोधणे हे नागरिकाचे काम नव्हे. न्यायालयात पुराव्याचा भार कोणावर, यावर निम्मे दावे जिंकले वा हरले जातात, हे प्रत्येक वकील जाणतो. जमिनीचेही तसेच आहे.

परंतु स्वातंत्र्य आहे म्हणून जागा आपोआप सापडत नाही. ती शोधावी लागते, आणि तो शोध हेच त्या स्वातंत्र्याचे शिक्षण आहे. पहिली पायरी म्हणजे जमीन कोणाची हे ओळखणे. त्या खात्याच्या नकाशांत ब्यूरोची जमीन पिवळ्या रंगाने, राष्ट्रीय वन हिरव्या रंगाने, राज्याची जमीन निळ्या रंगाने आणि खाजगी जमीन पांढऱ्या रंगाने दाखवितात. हे रंग एकमेकांत असे मिसळलेले असतात की, चार पावले चुकली तर मनुष्य नागरिकाचा अतिक्रमक होतो. राज्याच्या जमिनी पुष्कळदा शाळांच्या उत्पन्नासाठी न्यास म्हणून राखलेल्या असतात. तेथे वेगळा नियम. ॲरिझोनासारख्या राज्यात त्यांवर मुक्काम करण्यास परवाना लागतो. राष्ट्रीय उद्यान हे आणखी निराळे प्रकरण; तेथे नेमून दिलेल्या तळावर किंवा परवाना घेऊनच रात्र काढता येते.

दुसरी पायरी रस्त्याची. २००५ च्या नियमानुसार प्रत्येक राष्ट्रीय वनात वाहने कोणत्या रस्त्यावरून न्यावीत याचा एक काळापांढरा नकाशा फुकट मिळतो. ज्या रस्त्यांच्या कडेस ठिपके काढलेले असतात तेथे मुक्कामासाठी वाहन रस्ता सोडून ठराविक अंतरापर्यंत नेता येते. काही वनांत ते ३०० फूट असते, काहींत त्याहून कमी. तिसरी पायरी चौकशीची. त्या भागाच्या वनकचेरीत विचारले म्हणजे वणव्याच्या भीतीने शेकोटी बंद आहे काय, कोणता रस्ता पावसाने खचला आहे, हे कळते. आणि शेवटची पायरी डोळ्यांची. जेथे पूर्वी कोणी राहून गेल्याच्या खुणा आहेत, जमीन घट्ट झालेली आहे, दगडांचे जुने चुलखंड आहे, तेथेच राहावे. कोवळ्या गवतावर नवी जागा करू नये. पाण्यापासून २०० फूट, म्हणजे सुमारे सत्तर पावले, दूर असावे. मलविसर्जनासाठी सहा ते आठ इंच खोल खड्डा करावा आणि बुजवावा. शेकोटी विझविताना पाणी ओतून, राख ढवळून, हात लावून थंड झाल्याची खात्री करावी. ब्यूरोच्या जमिनीवर साधारणतः २८ दिवसांत १४ दिवसांहून अधिक एका ठिकाणी राहता येत नाही. नंतर उठून दूर जावे लागते, काही भागांत २५ मैल.

या नियमांच्या यादीकडे कंटाळून पाहू नये. त्यांत मला एक जुनी ओळखीची गोष्ट दिसते. आपल्या धर्मशास्त्राने अतिथी कोणास म्हणावे हे ठरविताना एका रात्रीच्या वास्तव्याचे माप वापरले आहे. जो येतो, विसावतो आणि जातो तो अतिथी. जो ठाण मांडतो तो अतिथी नव्हे. भूमीच्या घरी मनुष्य अतिथी आहे, या एका जाणिवेतून हे सर्व नियम निघतात. चौदा दिवसांची मर्यादा ही मुक्काम आणि मालकी यांमधील भिंत आहे. ती काढली तर पहिला येणारा तेथे झोपडी बांधील, दुसरा कुंपण घालील, आणि तिसऱ्यास परत जावे लागेल. म्हणून नियमांशिवाय स्वातंत्र्य मागणारा हा या हक्काचा मित्र नव्हे.

आता या हक्काचे शत्रू कोण ते पाहू; कारण अमेरिकेत सर्व आलबेल आहे असे म्हणणे ही दुसरी भाबडी समजूत होईल. रेल्वेला दिलेल्या जमिनी बुद्धिबळाच्या पटासारख्या होत्या : एक चौकोन कंपनीचा, त्यास लागून एक सरकारचा, प्रत्येक चौकोन एक मैल लांब व एक मैल रुंद. पुढे कंपन्यांचे चौकोन विकले गेले आणि धनवंत रँचमालकांच्या हाती आले. सरकारी चौकोनात जावयाचे तर दोन सरकारी चौकोन जेथे कोपऱ्यास भिडतात त्या बिंदूवरून ओलांडावे लागते. २०२१ मध्ये वायोमिंग राज्यात काही शिकाऱ्यांनी असा कोपरा शिडी लावून ओलांडला. खाजगी मातीवर पाऊलही न ठेवता ते सार्वजनिक जमिनीतून सार्वजनिक जमिनीत गेले. त्यांच्यावर फौजदारी खटला झाला. २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांस निर्दोष ठरविले. मालकाने दिवाणी दावा लावला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने, सार्वजनिक जमिनीस अटकाव करणाऱ्या कुंपणांविरुद्धच्या १८८५ च्या कायद्याचा आधार घेऊन, शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. एका शिडीने केवढा प्रश्न उभा केला! सार्वजनिक जमीन कागदावर असून भागत नाही. तेथे जाण्याची वाट नसेल तर ती शेजाऱ्याची खाजगी बागच होते.

दुसरा शत्रू विक्रीचा. जून २०२५ मध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पाशी निगडित विधेयकात अशी तरतूद सुचविली की, पश्चिमेकडील अकरा राज्यांतील या दोन खात्यांच्या जमिनीपैकी अर्धा ते पाऊण टक्का, म्हणजे वीस लाखांहून अधिक एकर, विकावी. कारण दिले घरबांधणीचे. यावर जो गदारोळ झाला तो केवळ निसर्गप्रेमी संस्थांनी केला नाही. शिकारी, मासे धरणारे, घोड्यावरून फिरणारे, वर्षातून एकदा मुलाबाळांसह रानात रात्र काढणारे सामान्य लोक उठले. स्वपक्षातील काही सिनेटरांनीही विरोध केला. तरतूद आधी आकसली आणि २८ जून रोजी मागे घेण्यात आली. असे का झाले? माझे उत्तर असे की, त्या लोकांनी त्या जमिनीवर रात्री काढल्या होत्या. ज्या मातीवर माणूस झोपला आहे तिची विक्री त्यास आपल्या घराच्या विक्रीसारखी बोचते. मोकळ्या मुक्कामाने जमिनीस पाहुणे मिळतात एवढेच नव्हे. तिला पहारेकरी मिळतात. या लेखातील माझे सारे म्हणणे याच एका गोष्टीवर उभे आहे.

तिसरा प्रश्न शत्रूचा नव्हे, दुःखाचा आहे. ज्यांना घर नाही असे लोक त्या रानांत राहावयास जातात. जून २०२४ मध्ये ओरेगनमधील ग्रँट्स पास या गावाच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरविले की, सार्वजनिक जागी झोपण्यास दंड करणे ही घटनेने निषिद्ध केलेली क्रूर शिक्षा नव्हे. त्याच राज्यात बेंड शहराजवळच्या डेशूट्स राष्ट्रीय वनातून मे २०२५ मध्ये बेघर लोकांच्या वस्त्या हटविण्यात आल्या. चौदा दिवसांचा नियम प्रवाशास न्याय्य आहे. पण ज्यास परत जाण्यास घरच नाही त्यास तो नियम म्हणजे फिरता तुरुंग होय. हा दोष मुक्कामाच्या हक्काचा नाही. घर न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे. परंतु ज्या देशात श्रीमंताने रानात तंबू ठोकला तर तो विहार आणि गरिबाने ठोकला तर तो गुन्हा, तेथील कायद्यास आपली मान थोडी खाली घालावीच लागेल.

आणि या सर्वांच्या मुळाशी एक जुने पाप आहे. ही जमीन ‘सार्वजनिक’ झाली ती मूळ रहिवाशांकडून हिरावून घेऊन. डाकोटातील ब्लॅक हिल्स १८६८ च्या तहाने सू लोकांना दिलेल्या होत्या. सोने सापडताच तह मोडला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई देण्याचा निर्णय कायम केला, आणि सू लोकांनी ती रक्कम आजतागायत स्वीकारलेली नाही. त्यांना जमीन हवी आहे. त्या टेकड्यांत आज राष्ट्रीय वन आहे आणि तेथे तंबू ठोकणाऱ्याने हे ठाऊक असताना ठोकावा. चांगला कायदा वाईट इतिहासावर उभा असू शकतो. म्हणून तो कायदा टाकाऊ ठरत नाही, पण त्याचे गोडवे गाताना आवाज बेताचा ठेवावा.

आता घरी येऊ. आपल्याकडे काय आहे? १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी इंग्रज सरकारने वने ताब्यात घेतली आणि १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने तो ताबा पक्का केला. तो अधिनियम आजही आपल्यावर राज्य करतो. त्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात अनधिकाराने शिरणे हाच अपराध आहे. येथे गृहीतक उलटे झाले : परवानगी नसेल तेथे मनाई. १९४७ मध्ये भारतातून आणि १९६१ मध्ये गोव्यातून परके राज्यकर्ते गेले, परंतु त्यांचे गृहीतक आपल्या डोक्यात तसेच राहिले. जे सरकारचे ते आपले नव्हे, आणि जे आपले नव्हे ते घाण करावयास किंवा बळकावयास मोकळे, अशी वृत्ती त्यातूनच वाढली. “आपले लोक उकिरडा करतील” म्हणणाऱ्यांनी कार्य व कारण यांची अदलाबदल केली आहे. ज्यास कधी मालक म्हणून रानात शिरू दिले नाही, त्याच्याकडून मालकाच्या काळजीची अपेक्षा कशी करावी?

तरीही आपल्या कायद्यात एक विसरलेला शब्द शिल्लक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम २२ मध्ये जिल्हाधिकारी गावातील मोकळी सरकारी जमीन कोणकोणत्या कामांसाठी राखून ठेवू शकतो याची यादी आहे. त्यात गुरचरण आहे, स्मशान आहे, गावठाण आहे, खळे आहे, बाजार आहे; आणि त्यांच्याच पंक्तीस मुक्कामाच्या तळाची जागाही आहे. बैलगाडीचा तांडा, मेंढ्यांचा वाडा, यात्रेकरूंचा जथा, फिरता कारागीर यांना गावाने एक रात्र द्यावयाची, ही जुनी रीत कायद्याने त्या एका शब्दात जपली आहे. आपल्या तालुक्यात अशी किती जमीन राखून ठेवली होती आणि आज ती कोणाच्या ताब्यात आहे, हे वाचकांनी तहसील कचेरीत जाऊन एकदा विचारावे. उत्तर मिळण्यास लागणारा वेळ हेच पुष्कळ वेळा उत्तर असेल.

रीत जुनी होती म्हणजे ती निष्कलंक होती असे नव्हे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने भटकणाऱ्या समाजांवर जन्मतः चोरीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पालावर पोलीस आणि गावकरी दोघेही संशयानेच पाहतात. मुक्कामाच्या हक्काची चर्चा शहरातील हौशी तरुणांच्या रंगीत तंबूंपासून सुरू करणे म्हणूनच अन्यायाचे होईल. पहिला हक्क त्यांचा, ज्यांचे आयुष्यच मुक्कामावर चालते. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या व पशुपालक समाजांचा ऋतुमानानुसार वनसंपत्तीचा उपयोग करण्याचा हक्क मान्य केला आहे. तो कागदावरून जमिनीवर उतरणे ही सर्व पुढील सुधारणांची पहिली अट आहे.

लोकसंख्येचा आक्षेप मी हलका मानीत नाही. अमेरिकेतील रान विस्तीर्ण आणि माणसे विरळ, आपल्याकडे उलट. परंतु गर्दीने शिस्तीने मुक्काम करणे अशक्य असते असे म्हणणाऱ्याने आषाढीच्या दिवसांत आळंदी ते पंढरपूर हा रस्ता पाहावा. दिंड्यांचे क्रमांक ठरलेले, प्रत्येकीची राहुटीची जागा ठरलेली, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण येथे पालखीतळ ठरलेला. लाखो माणसे रोज नव्या गावी उतरतात आणि सकाळी उठून पुढे जातात. मागे घाण राहते, हे खरे. ती दूर करण्याचे प्रयत्नही अलीकडे होऊ लागले आहेत. परंतु मुक्काम कसा करावा ही विद्या या भूमीस परकी आहे असे कोणी म्हणू नये. गोव्यातील देवालयांच्या अग्रशाळा, क्षेत्रोक्षेत्रीच्या धर्मशाळा, नदीचे घाट, हे सर्व एकाच विचाराचे अवयव आहेत : वाटसरूस रात्र नाकारू नये.

शिस्त नसेल तर काय होते याचा धडाही आपल्याजवळ आहे. गोव्यात बसेस भरून आलेले पर्यटक रस्त्याकडेला आणि किनाऱ्यावर चुली मांडीत, उष्टे-खरकटे तेथेच टाकीत. अखेर २०२२ मध्ये सरकारने उघड्यावर स्वयंपाक करण्यास बंदी घातली आणि ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. बंदी समजण्यासारखी आहे. परंतु बंदीबरोबर शिकवण आली नाही. चूल कोठे मांडता येईल, राख कोठे टाकावी, कचरा कोठे न्यावा, हे सांगणारा नकाशा कोणी दिला नाही. ‘येथे नको’ असे सांगणाऱ्याने ‘मग कोठे’ या प्रश्नाचे उत्तर देणे बंधनकारक आहे. नाहीतर बंदी म्हणजे केवळ घाणीचे स्थलांतर.

वाघ-बिबट्यांचा आणि वणव्याचा आक्षेप उरतो. अभयारण्यांत १९७२ च्या कायद्याप्रमाणे प्रवेशास परवाना लागतो, आणि तो लागावाच. वन्य प्राण्यांस जी शांतता हवी ती आपल्या हौसेहून मोठी आहे. माझी मागणी अभयारण्यांविषयी नाहीच. ती आहे सामान्य वनखंडांविषयी, माळरानांविषयी, तलावांच्या काठांविषयी आणि कलम २२ च्या विसरलेल्या तळांविषयी. शेकोटीस फाल्गुनापासून पहिल्या पावसापर्यंत सक्त मनाई असावी. त्यास माझा आनंदाने पाठिंबा राहील.

न्यायालयांनी तत्त्व आधीच सांगून ठेवले आहे. १९९६ मध्ये हिमाचलातील बियास नदीकाठच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, नद्या, वने, किनारे यांचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे. २००९ मध्ये दोनापावलच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या दाव्यात तेच तत्त्व गोव्याच्या वाळूवर उतरले, आणि लोकांची वाट खुली राहिली. २०११ मध्ये पतियाळा जिल्ह्यातील एका गावच्या तळ्यावरील अतिक्रमणाच्या निमित्ताने त्याच न्यायालयाने सर्व राज्यांना गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. विश्वस्त आहे, तर लाभार्थी कोण? आणि ज्यास न्यासाच्या मालमत्तेत शिरण्यास मज्जाव आहे, तो लाभार्थी कसला?

मागणी मोठी नाही. प्रत्येक तालुक्याने आपल्या मुक्कामाच्या तळांची, पालखीतळांची आणि गायरानांची यादी नकाशासह प्रसिद्ध करावी. प्रत्येक वनविभागाने अभयारण्याबाहेरचे काही खंड निवडून तेथे गृहीतक उलटावे : तीन रात्री, मोजकी माणसे, आगीविना, वाहनाविना, आणि आणलेली प्रत्येक वस्तू परत नेण्याच्या अटीवर, परवानगी नको. भटक्या समाजांचे वहिवाटीचे तळ सर्वांआधी मोकळे व्हावेत. आणि ज्या देवस्थानांजवळ जमीन आहे त्यांनी एखादे शेत, एखादी देवराईची कड वाटसरूंसाठी राखावी. आपल्या तरुणांस नियम शिकवावेत, कारण ते कचेरीपेक्षा देवळाच्या अंगणात अधिक चांगले शिकता येतात. हे महाजनांनी मनावर घेतले तर त्यास सरकारी ठरावाची वाट पाहावी लागणार नाही.

कोणी म्हणेल, अन्न, पाणी, रोजगार यांचे प्रश्न उभे असताना ही कसली चैन? मी उलट विचारतो : गावाचे गायरान कारखान्यास गेले, तळे बुजविले, टेकडी खणली, तेव्हा गाव गप्प का राहिले? कारण त्या जमिनीवर गावाने बरीच वर्षे पाय ठेवला नव्हता. जेथे कोणी रात्र काढीत नाही तेथे रात्रीतून कुंपण उभे राहते. अमेरिकेतील सामान्य माणसाने २०२५ च्या जूनमध्ये आपल्या लाखो एकरांची विक्री थांबविली, ती मोठ्या विद्वत्तेच्या बळावर नव्हे. त्या मातीवर तो झोपला होता, आणि सकाळी उठून ती स्वच्छ करून गेला होता. आपल्या लोकांना ही दोन्ही कामे करू द्या. मग राखणदार शोधीत फिरावे लागणार नाही.